उघडं भांडं आणि आठवं व्रत



चातुर्मास सुरू झाला की स्थानकात धर्मध्यान वाढतं आणि त्याच्याबरोबर डासही वाढतात. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटं स्थिर बसायचं, आणि नेमका त्याच वेळी पायाच्या घोट्याला दंश. दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच: "डास मारला तर पाप, नाही मारला तर डेंग्यू. मग श्राविकेनं करायचं तरी काय?"

माझ्या मते "मारायचा की नाही" हा प्रश्न उशिरा विचारलेला असतो. डास डोक्याभोवती गुणगुणायला लागला, म्हणजे आठ-दहा दिवसांपूर्वी कुठल्या तरी उघड्या भांड्यात त्याचा जन्म होऊन गेला. आपण विचार करायचा तो त्या भांड्याचा. गेल्या सव्वाशे वर्षांचा डासांशी झालेल्या लढ्याचा इतिहास वाचला, तर तोही पुन्हा पुन्हा त्या भांड्याच्या झाकणापाशीच येऊन थांबतो. आज तोच इतिहास सांगते.

आगमातला डास

आपल्याकडे डासाची नोंद फार जुनी आहे. साधूंनी समभावानं सहन करायचे बावीस परीषह आपण मोजतो, त्यात भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्यानंतर लगेच दंशमशक परीषह येतो. दंश म्हणजे चावणारी माशी, गोमाशी आणि मशक म्हणजे डास. उत्तराध्ययन सूत्राचं दुसरं अध्ययन पूर्ण या परीषहांवरच आहे. भगवान महावीर लाढ देशात, म्हणजे आजच्या बंगालच्या बाजूला विहार करत होते, तेव्हा त्यांनी डास-माश्यांचा उपद्रव कसा सोसला याचं वर्णन आचारांग सूत्रात आहे.

जीवविचार शिकताना डास चतुरिंद्रिय जीवांत येतो हेही आपण पाठ केलं आहे. स्पर्श, रस, घ्राण आणि चक्षू अशी त्याची चार इंद्रियं. म्हणजे तो त्रस जीव झाला, आणि निरपराधी त्रस जीवाला संकल्प करून मारायचं नाही हे आपलं पहिलं अणुव्रत.

चातुर्मासाचा नियमही याच विचारातून आला. पावसात जमिनीवर, पाण्यात, हिरवळीवर जीवांची उत्पत्ती वाढते, म्हणून साधू-साध्वींनी विहार थांबवून एका जागी राहायचं. डॉक्टर लोक ज्या महिन्यांना मलेरिया-डेंग्यूचा हंगाम म्हणतात, ते जवळजवळ हेच चार महिने. ओल आणि जीवोत्पत्ती यांचा संबंध आपल्या पूर्वजांनी नीट ओळखला होता. ताप आणि डास यांचा संबंध मात्र जगात कोणालाच खात्रीनं माहीत नव्हता.

ताप कुठून येतो?

थंडी वाजून येणारा, दिवसाआड किंवा तीन दिवसांनी उलटणारा ताप आयुर्वेदात विषमज्वर म्हणून सांगितला आहे. आपल्याकडे त्याला हिवताप म्हणतात. युरोपात लोकांना वाटायचं की तो दलदलीच्या खराब हवेतून येतो. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी 'खराब हवा'.

उपाय म्हणून होतं क्विनाइन. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून काढलेलं हे औषध भयंकर कडू. इंग्रजी अमलात त्याच्या पुड्या टपाल कार्यालयातसुद्धा विकत मिळायच्या. ताप त्यानं उतरायचा, पण तो मुळात का येतो हे कोडंच होतं.

ते सोडवलं आपल्याच देशात काम करणाऱ्या एका लष्करी डॉक्टरनं. रोनाल्ड रॉस यांचा जन्म १८५७ चा, अल्मोड्याचा. सिकंदराबादला त्यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला दर डासाच्या दंशाला एक आणा देऊन डासांकडून चाववून घेतलं आणि ते डास सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी एका डासाच्या पोटाच्या आवरणात त्यांना हिवतापाच्या परजीवीची वाढ होताना दिसली. म्हणून २० ऑगस्ट हा आजही जागतिक डास दिवस मानला जातो. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हवेवरचा आळ गेला आणि डासावर आला. हिवताप पसरवणाऱ्या त्या डासाचं नाव ॲनोफिलीस. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. अंडी ती घालते पाण्यात. तेव्हापासून डॉक्टरांचं लक्ष विहिरी, टाक्या, डबकी यांच्याकडे वळलं.

मुंबईच्या विहिरी

मुंबईत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवताप फार वाढला. सरकारनं डॉ. चार्ल्स बेंटली यांना चौकशीसाठी नेमलं. त्यांचा अहवाल १९११ चा आहे. त्यांना आढळलं ते असं: शहरातला हिवताप पसरवणारा डास चिखलात किंवा गटारात वाढत नाही, तो वाढतो घराघरांतल्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत. म्हणजे लोक ज्याला सगळ्यात स्वच्छ समजत होते त्या पाण्यात.

मग विहिरी बुजवा नाहीतर पक्क्या झाका, असा आग्रह सुरू झाला. लोक दुखावले. विहिरीचं पाणी कित्येक समाजांच्या धर्मकार्याला लागायचं, नळाचं पाणी त्याला चालत नसे. पारशी समाजात विहिरीचं पाणी फारच पवित्र. विरोध झाला, अर्ज झाले. त्यातून निघालेला एक मार्ग मला फार आवडतो. विहीर वरून बंद करायची, पण पाणी काढायला बारीक तारेच्या जाळीचं उघडझाप करता येणारं दार ठेवायचं. श्रद्धाही राहिली आणि डासही अडला. चर्चगेट स्टेशनजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही आहे. पुढे मुंबईत पाण्याच्या टाक्यांना डास जाणार नाही असं घट्ट झाकण लावणं सक्तीचंच झालं.

इथं लक्षात घ्यायचं ते इतकंच: धर्म आणि आरोग्य समोरासमोर आले, तेव्हा झाकणानं दोघांचंही भागवलं.

आपला कोरडा जिल्हा आणि साठवलेलं पाणी

आपल्या नगरला, आता अहिल्यानगरला, सगळे दुष्काळी जिल्हा म्हणतात. मग इथं डासांची पंचाईत का व्हावी? कारण जिथं पाणी कमी, तिथं ते साठवून ठेवावं लागतं.

निजामशाहीच्या काळी कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा बाजूंनी खापरी नळांनी शहरात पाणी आणून हौदांत साठवलं जायचं. इंग्रजांच्या काळात दारणा धरण झालं, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, आणि गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरचा भाग उसानं हिरवा झाला. पाठोपाठ साखर कारखाने आले. या पाण्यानं जिल्ह्याला सुबत्ता दिली. पण कालव्याची गळती, पाटाच्या कडेचे खड्डे, पाणी धरून बसलेली चोपण जमीन ही ॲनोफिलीसची आवडती ठिकाणं. जिथं पाट गेला, तिथं डासांची सोय झाली.

आज नगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं, पण ते रोज येत नाही. दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरकडे उन्हाळ्यात टँकर. म्हणून प्रत्येक घरात पिंप, बॅरल, गच्चीवरची टाकी, जमिनीतला हौद, मोरीतली बादली. आपल्या सासूबाईंच्या काळी तांब्याचे हंडे रोज घासले जायचे आणि रांजणावर लाकडी झाकण असायचं. आता पाचशे लिटरचा प्लॅस्टिकचा बॅरल घासायला कोण आत वाकणार? आपली अडचण इथूनच सुरू होते.

डीडीटीचे दिवस

पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञानं १९३९ मध्ये डीडीटीचा कीटक मारण्याचा गुण शोधला. त्यासाठी त्यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी १९४५ च्या सुमारास कारवार-धारवाडकडे घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायचे प्रयोग केले आणि हिवताप झपाट्यानं उतरला. १९५३ मध्ये देशभर हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं.

माझ्या वयाच्या मैत्रिणींना ते फवारणीवाले आठवत असतील. पाठीला पंप, भिंतीवर पांढरे पट्टे, घरभर वास. घरातली भांडी, अन्न, अंथरूण सगळं अंगणात काढायचं. दाराशेजारी तारीख लिहून जायचे. तापाचा माणूस असला की बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचे.

मी कॉमर्सची, म्हणून आकडे सांगते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं दगावायची, असा अंदाज होता. १९६५ मध्ये रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. सगळ्यांना वाटलं, संपला हिवताप. आणि १९७६ मध्ये तो चौसष्ट लाखांवर गेला.

असं का झालं? कामात ढिलाई आली, पैसा कमी पडला, आणि डासांची नवी पिढी डीडीटीला दाद देईना. फवारणीनं जे मरायचे ते मेले, जे वाचले त्यांचीच प्रजा वाढली. हिवतापाच्या जंतूवरही नेहमीचं औषध काही भागांत चालेनासं झालं. फवारणीनं लाखो जीव वाचले, हे नाकारून चालणार नाही. ज्या घरातली लेकरं वाचली त्यांना विचारावं. पण नुसत्या मारण्यावर भरवसा ठेवला तर तो पुरत नाही, हेही त्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. १९७७ पासून सरकारनं धोरण बदललं आणि हळूहळू डासाची पैदासच होऊ न देण्यावर भर वाढला.

बार्शीचा ताप

आपल्या जामखेडच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. बाजारपेठेचं गाव, आपल्या समाजाची कितीतरी घरं तिथं. १९७३ मध्ये बार्शीत एका विचित्र तापाची साथ आली. ताप उतरायचा, पण सांधे असे धरायचे की माणसाला सरळ उभं राहता येईना. तो होता चिकुनगुनिया. हा शब्द आफ्रिकेतला, टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला. वेदनेनं वाकून जाणं असा त्याचा अर्थ. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या, शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास केला.

१९७२ चा मोठा दुष्काळ नुकताच आपल्या भागावरून गेला होता. ते दिवस आठवा: मिळेल ते पाणी मिळेल त्या भांड्यात भरून ठेवायचं. चिकुनगुनिया पसरवणारा डास म्हणजे एडिस, आणि त्याला नेमकं असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं.

बार्शीनंतर हा आजार जवळजवळ तीस वर्षं कुठं दिसला नाही. डॉक्टरसुद्धा विसरले. २००५ च्या अखेरीस तो परत आला आणि २००६ मध्ये देशभरात जवळजवळ चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्रात घरंच्या घरं एकाच वेळी आजारी होती. त्या वर्षी ज्यांचे गुडघे धरले, त्यातल्या काहींना वंदनेसाठी खाली बसणं कित्येक महिने जमलं नाही.

एडिस हाच डेंग्यूचाही वाहक आणि झिकाचाही. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला.

या डासाच्या सवयी ध्यानात ठेवा. अंगावर काळे-पांढरे पट्टे. चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे आपली व्याख्यानाची वेळ आणि मुलांची शाळेची वेळ. फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणून तुमच्या घरात डेंग्यू झाला तर तो डास बहुधा तुमच्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो. त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं.

जामखेडच्या बायका

इतिहासाची पुस्तकं डॉक्टरांची आणि साहेबांची नावं सांगतात. आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट मात्र बायकांची आहे.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. त्यांनी गावोगावच्या लोकांना सांगितलं की तुमच्यातलीच एक बाई निवडा, आम्ही तिला आरोग्याचं शिकवतो. निवडल्या गेलेल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कितीतरी दलित घरांतल्या होत्या. सुरुवातीला मोठ्या घरांची दारं त्यांना सहज उघडली नाहीत. पण बाळंतपणात, तापात, जुलाबात त्यांचाच उपयोग झाला आणि दारं उघडत गेली. या कामासाठी १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

या गावांत शोषखड्डेही झाले. मोरीचं सांडपाणी रस्त्यावर वाहू द्यायचं नाही, दगड-वाळू भरलेल्या खड्ड्यात जिरवायचं. डबकं नाही तर डास नाही. पुढे नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारंच संपवली आणि 'डासमुक्त गाव' हा नांदेड पॅटर्न राज्यभर गाजला. शोषखड्ड्यानं घाण पाण्यातले डास थांबतात. एडिस मात्र आपल्या स्वच्छ पिंपात असतो, त्याला आपणच थांबवायचं.

आज तेच काम आशाताई करतात. पावसाळ्यात त्या दारोदार येऊन पाण्याची भांडी बघतात. आपल्यातल्या काही जणी त्यांना दारातूनच परत पाठवतात. एकीला वाटतं पाणी बाटेल, दुसरीला वाटतं त्या औषध टाकून जीव मारतील. मैत्रिणींनो, त्यांना आत घ्या, बसवा, पाणी विचारा आणि सगळी भांडी दाखवा. झाकलेलं, अळ्या नसलेलं पाणी असेल तर औषध टाकायची वेळच येत नाही.

आठवं व्रत काय सांगतं

पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा देताना आपण बारा व्रतं पाठ केली. त्यातलं आठवं अनर्थदंड विरमण व्रत, म्हणजे विनाकारण होणाऱ्या हिंसेचा त्याग. त्याचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यात एक आहे प्रमादाचरण. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण कोणतं? तूप, तेल, पाणी यांची भांडी उघडी ठेवणं. उघड्या भांड्यात जीव पडतात, जीव उपजतात, मरतात. त्यात आपला काहीच फायदा नसतो, फक्त आळस असतो.

ज्यांनी हे सांगितलं त्यांना एडिस माहीत नव्हता. पण मुंबईच्या अहवालात आणि आजच्या 'एक दिवस कोरडा' मोहिमेत जे सांगतात, तेच आपण प्रतिक्रमणात रोज म्हणत आलो आहोत. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. एक झाकण घट्ट लावलं, तर तेवढे जीव जन्मून मरायचे वाचले आणि घरातलं माणूसही वाचलं. यापेक्षा स्वस्त जीवदया कुठली?

आता अवघड प्रश्न. पिंपात अळ्या झाल्याच असतील तर? पूर्वी पाणी गाळल्यावर गरण्यातली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायची रीत होती. पण डासाच्या अळ्या टाकीत किंवा गटारात सोडल्या तर आठवड्याभरात त्या डास होऊन गल्लीभर आजार नेतील. म्हणून ते पाणी कोरड्या जमिनीवरच ओतावं लागतं, आणि त्यात अळ्या मरतात. याला हिंसा नाही असं मी म्हणणार नाही. गृहस्थाची आरंभी हिंसा आहे ती, घर चालवताना होणारी. तिची आलोचना करावी आणि ती पुन्हा करावी लागू नये म्हणून झाकण लावावं. हा माझा विचार झाला. शंका असेल त्यांनी महासतीजींना विचारावं.

पण मुलांच्या हातात ती विजेची बॅट देऊन 'चट' आवाजाची मजा घेऊ देणं, हे मात्र सरळ संकल्पी हिंसेत जातं. घरात तो खेळ नको.

घरात काय करायचं

आठवड्यातला एक वार ठरवा. डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ सात ते दहा दिवसांत होते, म्हणून आठवडा चुकवायचा नाही.

- पिंप, बॅरल, बादल्या त्या दिवशी रिकाम्या करा, आतून काथ्यानं घासा, सुकवा, मग भरा. पाणी दिवसाआड येत असेल तर भांडी पाळीपाळीनं घ्या, म्हणजे पाणी वाया जात नाही. काढलेलं पाणी झाडांना, अंगण धुवायला वापरा.
- झाकण नीट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं ताणून बांधा. ते पाण्यात लोंबू देऊ नका.
- फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या बशा, बाटलीतला मनी प्लांट बघा.
- पक्ष्यांसाठी टांगलेलं पाण्याचं भांडं रोज धुऊन भरा. पुण्य करायला ठेवलेल्या भांड्यात डास वाढू नयेत. पांजरपोळातल्या हौदाचंही तेच.
- गच्चीवरचे टायर, नारळाच्या करवंट्या, फुटकी भांडी काढून टाका. संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळीचं कापड बांधा.
- खिडक्यांना जाळी आणि झोपताना मच्छरदाणी. लहान मुलं आणि बाळंतिणींना दुपारच्या झोपेतसुद्धा. यात कोणताही जीव मरत नाही, फक्त अडतो.
- डासांच्या कॉइलचा धूर बंद खोलीत लहानांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीला चांगला नाही.

हेच स्थानकासाठी. चातुर्मासाच्या आधी संघातल्या चार जणींनी मिळून टाकी, धोवन पाण्याची भांडी, गच्ची, मागचं अंगण बघून घ्यावं. जाळ्या संघाच्या वापरासाठी कायमच्या बसवाव्यात. दंशमशक परीषह सहन करणं हा साधू-साध्वींचा आचार आहे. आपल्या निष्काळजीपणानं तो वाढवणं हा आपला आचार नाही.

तपस्या आणि ताप

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पर्युषण येतं भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे ऐन डेंग्यूच्या दिवसांत. घराघरांत उपवास, अठाई, कुठं मासखमण, आणि चौविहार तर रोजचाच. आणि डेंग्यूमध्ये मुख्य उपचार म्हणजे शरीरात पाणी टिकवून ठेवणं. त्यावर थेट औषध नाही. तोंडानं पुरेसं पाणी जात राहिलं तर बहुतेक माणसं बरी होतात, पाणी कमी पडलं तर आजार गंभीर व्हायला वेळ लागत नाही.

तपस्येत ताप आला तर "तपाचा असेल" म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सांगतील ती रक्ताची तपासणी करून घ्या आणि तपस्या चालू आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी मनानं घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका. डेंग्यूत धोक्याचे दिवस बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप बेचैनी किंवा गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठा.

"पच्चक्खाण मोडेल" ही भीती मी समजू शकते. पण आपल्या पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत आणि त्यात 'सव्वसमाहिवत्तियागारेणं' हा आगार अशाच वेळेसाठी आहे. गंभीर आजारात समाधी टिकावी म्हणून औषध-पाणी घेतलं तर पच्चक्खाण भंग होत नाही. घरातल्या सुनेनं किंवा लेकीनं तपस्येत पाणी मागितलं, तर तिच्या श्रद्धेवर शंका घेऊ नका. मोठ्या बाईनंच पुढे होऊन तिच्या हातात पेला द्यावा. ती संकोचानं मागणार नाही, म्हणून आपणच विचारावं.

या रविवारी घरातली सगळी भांडी मोजा आणि किती उघडी आहेत ते बघा. नातवंडांना बरोबर घ्या, त्यांना हा शोध खेळासारखा वाटतो आणि जयणा शब्दाचा अर्थ न सांगता कळतो. तुमच्या गल्लीत, तुमच्या संघात तुम्ही काय करता तेही मला कळवा.

लिहिताना जिनवाणीच्या विरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.